दहा अंडी

"माझी अंडी शोधून द्या," कमलिनीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

बापूरावांना हसू आलं. सदर बाजारातल्या त्या गुप्तहेर कचेरीत ते, मार्तंडचे मदतनीस, महिनाभर एखाद्या खुनाची वाट पाहत होते. गुप्तहेर मार्तंड मात्र हसला नाही.

बाईंचे यजमान दत्तात्रेय सहा महिन्यांपूर्वी वारले होते. बबीन्याच्या लष्करी छावणीतून बदली झालेल्या एका सुभेदाराकडून त्यांनी हयातीत मस्कोव्ही जातीच्या बदकांची जोडी घेतली होती आणि घरच्या कोंबड्यांतच वाढवली होती. महिन्याच्या सुरुवातीला कुत्र्यांनी ती जोडी मारली. उरलेली दहा अंडी सासूबाईंनी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली होती. काल, पंचवीस मार्चच्या दुपारी, ती नाहीशी झाली.

"त्यांचं तेवढंच उरलं होतं," बाई म्हणाल्या.

घरी जाऊन दोघांनी खुराडं पाहिलं. जाळी तुटली होती आणि तारा बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. कोंबडी रिकाम्या गवतावर बसून होती. बापूरावांनी शहाणपणा करून हात घातला, तिनं चोचीनं रक्त काढलं. खुराड्याच्या दारावर दत्तात्रेयांनी मागच्या वर्षी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बदक बसलं १० मार्च. पिल्लं १४ एप्रिल.'

दीर रमाकांतला खुराडं पाडून तिथे स्कूटर ठेवायची होती. त्यानं ते लपवलं नाही. अंडेवाल्या हरदयालनं दोनदा ही अंडी मागितली होती. "भाभीजी ने मना किया, हमने छोड़ दिया," तो म्हणाला. मार्तंडनं दोघांचे हात निरखून पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता.

सासूबाई कुसुमावतींनी चहा आणला. त्यांच्या मनगटावर हळद लावलेली होती. चाळीस वर्षं कोंबड्या पाळल्याचं त्या सांगत होत्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन आणि चोवीस मार्चभोवती गोल होते.

"रमाकांतच," बापूराव कुजबुजले.

"बाहेरच्यानं जाळी तोडली असती तर तारा आत वाकल्या असत्या," मार्तंड सगळ्यांसमोर म्हणाला. "ती आतून, मागाहून मोडली. अंडी काढणाऱ्याला कोंबडीनं सोडलं नसणार. आणि तीन तारखेपासून एकवीस दिवस कोणी मोजले, ते कॅलेंडर सांगतंय. आई, अंडी कुठे नेलीत?"

कुसुमावतींनी हळद लावलेलं मनगट पदराखाली घेतलं.

"पेरूखाली पुरली. एकवीस दिवस झाले, एकही फुटलं नाही. वाया गेली सगळी. इस्पितळात दत्तात्रेयच्या उशाशी ही शेवटपर्यंत आशेवर बसली होती. पुन्हा तसं बसायला नको. चोरीला गेली म्हटलं तर निदान जिवंत होती असं वाटेल हिला."

मागच्या वर्षी बदक स्वतःच बसलं होतं. तेव्हा दिवस मोजायची गरज कुसुमावतींना पडली नव्हती.

"एकवीस दिवस कोंबडीच्या अंड्यांना," कमलिनीबाईंनी सावकाश विचारलं. "यांना किती?"

मार्तंडनं खोटं बोलावं, असं बापूरावांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"पस्तीस. दारावरच्या तारखा तेच सांगतात."

"म्हणजे काल किती राहिले होते?"

"तेरा."

कुसुमावतींनी कॅलेंडरवरच्या चोवीस तारखेच्या गोलावर बोट ठेवलं. कमलिनीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माठातून पाणी आणलं, सासूच्या हातात पेला दिला आणि तो सांडू नये म्हणून खालून धरून ठेवला.