फाटकाचा राखणदार

"फाटकच पळवलं हो, बाई! दोनशे वर्षांचं!" पाद्री रॅन्किन भर उन्हात येरझारा घालत होते.

चर्चच्या दफनभूमीची दगडी कमान शाबूत होती. तिच्यातलं लोखंडी फाटक तेवढं गायब झालं होतं. साऱ्या बेटाने ते भंगारवाल्या हेक्टरच्या माथी मारलं होतं आणि संध्याकाळच्या बोटीने पोलीस त्याला न्यायला येणार होते. त्याआधी छडा लावायचा होता गुप्तहेर ऊना गेडिसला.

ऊनाने बिजागरीच्या खुंटावर बोट फिरवून हुंगलं. "लोणी!"

कमानीच्या पायाशी निळ्या रंगाचे पोपडे पडले होते. वर खांबातल्या कडीला कोरा लोकरी मफलर बांधलेला होता.

"खांबाला थंडी वाजते वाटतं," तिचा सोबती फार्कर म्हणाला. त्याला एवढंच सुचलं.

हेक्टर आपल्या तेलाच्या पिंपावर बसून होता. "अ‍ॅलेक पहाऱ्यावर असताना मी चोरी करीन?"

"कोण अ‍ॅलेक?"

"शोनादचा नवरा, देवाघरी गेलेला. शेवटचा पुरलेला माणूस फाटक राखतो, पुढचा येईपर्यंत. दोन वर्षं इथं कुणी मरायलाच तयार नाही!"

शोनादच्या अंगणात निळी होडी पालथी घातलेली होती. शेजारी ढकलगाडी, आणि टोक खरवडलेलं निळं वल्हं. म्हातारीने विणकाम बाजूला ठेवून पाव पुढे केला. "लोणी मागू नका हं, संपलंय."

फार्करने कोरडा पाव निमूट खाल्ला.

दुपारी ऊनाने सगळ्यांना कमानीखाली जमवलं.

"पिंपभर तेल असलेला हेक्टर खुंटाला लोणी कशाला फासेल? निळा रंग वल्ह्याचा. त्याची तरफ करून फाटक उचललं, ढकलगाडीवर घातलं. आता ते होडीखाली आहे. मफलर तुम्हीच विणलात ना, शोनादबाई?"

"होय. माझ्या अ‍ॅलेकसाठी. थंडीत त्याचे गुडघे दुखायचे हो," शोनाद म्हणाली. "दोन हिवाळे उभा आहे. त्याची सुटका व्हायची तर कुणीतरी मरायला हवं. मी कुणाचं मरण मागू? पाद्रीबाबा, तुमचं? म्हटलं, फाटकच नसलं तर राखणार काय? हेक्टरवर बालंट येईल, असं नव्हतं वाटलं रे."

पाद्री मान खाली घालून उभे राहिले.

हेक्टर मात्र शोनादच्या अंगणाकडे निघाला. त्याने होडीखालचं फाटक ढकलगाडीवरून आणून खुंटांवर बसवलं आणि स्वतः त्याला पाठ लावून उभा राहिला.

"अ‍ॅलेक, घरी जा. आज माझी पाळी. उद्या पाद्रीबाबांची."

"माझी?" पाद्री दचकले. मग म्हणाले, "बरं. परवा कोण?"

चार हात वर झाले. फार्करचाही.

शोनादने कडीचा मफलर सोडला आणि हेक्टरच्या गळ्यात बांधला.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "वारा बोचरा आहे."