बाहेरच्याशी बोलायचं नाही

चाळीस माणसांनी एकदम पाठ फिरवली की कसा आवाज होतो, तो कारभारीने आयुष्यात एकदाच ऐकला होता. कुणी बोललं नाही, कुणी खोकलं नाही. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पाय घासले, खळ घातलेले पांढरे कपडे सळसळले आणि सगळी तोंडं भिंतीकडे झाली. त्यात त्याची माय भागूबाई होती, धाकटी बहीण मंजुळा होती. दारात तो एकटा उभा होता आणि समोर नुसत्या पाठी होत्या.

ही मंडळी राहायची औरंगाबादहून वेरूळकडे जाताना, छावणी मागे पडली की लागणाऱ्या माळावर. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी आप्पासाहेबांनी मिशनचं चर्च सोडलं. तिथे गाण्याला पेटी वाजते, हे त्यांना खपत नव्हतं. त्यांच्यामागे सात घरं निघाली आणि माळावर वस्ती झाली. वस्तीत पेटी नव्हती, आरसा नव्हता. आयतवारी चूल पेटवायची नाही, शनिवारची शिळी भाकर खायची. आजारी माणसाच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची, औषध घ्यायचं नाही. नियम मोडला की माणूस बाहेरचा झाला. बाहेरच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासोबत जेवायचं नाही.

कारभारी तिथेच लहानाचा मोठा झाला आणि खरं सांगायचं तर सुखात झाला. वावटळीत कुणाचं छप्पर उडालं तर दिवस मावळायच्या आत सात घरं मिळून ते पुन्हा शाकारत. संध्याकाळी सगळे गळे एका सुरात लागले की मायच्या मांडीवर त्याचा डोळा लागायचा. अशा माणसांवर राग धरावा तरी कसा? त्याला तो कधी धरताच आला नाही.

पण त्याच्या दीड वर्षाच्या लेकीला घटसर्प झाला. दोन दिवस तेल झालं, प्रार्थना झाली. तिसऱ्या दिवशी पोर श्वास घेताना शिट्टीसारखी वाजू लागली, तसं त्याने तिला उचललं आणि रस्त्यावर येऊन वाटेने चाललेल्या हबीब नावाच्या माणसाच्या सायकलवर बसून दवाखाना गाठला. पोर वाचली. पुढच्या आयतवारी पाठी फिरल्या.

हबीबने त्याला औरंगपुऱ्यातल्या आपल्या सायकलच्या दुकानात ठेवून घेतलं, मागची खोली राहायला दिली. बायको सखू त्याच्याबरोबर आली. तिला वस्तीची आठवण कमी यायची. कारभारीला मात्र एकच गोष्ट हवी होती. लेकराला नेलंस ते बरं केलंस, एवढं मायने आपल्या तोंडाने म्हणावं. दुसरं त्याला काही नको होतं.

शुक्रवारी दुकान बंद असलं की तो वस्तीवर जायचा. मायने नियम कधी मोडला नाही, पण तिने वाट काढली होती. दारात शेळी बांधलेली असायची. माय तिच्यापुढे पाला टाकायची आणि तिच्याशी बोलायची.

"शेळे, काही माणसं बघ कशी खंगलीत. बायकू उपाशी ठिवती वाटतं."

कारभारी कुडाला टेकून म्हणायचा, "शेळे, सांग तिला, बायकू लई खाऊ घालती. अंगालाच लागत नाय."

"बगळ्याचे पाय कुठं जाड व्हत्यात व्हय गं शेळे?"

एकदा आप्पासाहेबांनी हे ऐकलं. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. शेळी काही बाहेरची नाही, शेळीशी बोलू नये असं कुठं लिहिलंय, असं भागूबाईने उलट विचारलं. आप्पासाहेब दाढीत हसले आणि निघून गेले. मंजुळा मात्र शेळीच्या आडूनही बोलायची नाही. भाऊ आला की ती घागर उचलून ओढ्याकडे जायची.

अशी पाच वर्षं गेली. शेळीने लाख गोष्टी सांगितल्या, पण पोरीच्या दवाखान्याची गोष्ट कधी सांगितली नाही.

चैत्राचा महिना होता. दुरुस्तीला आलेली एक सायकल दौलताबादला पोचवायला हबीबने त्याला पाठवलं. वार आयतवार. सायकल पोचवून तो परत पायी निघाला. ऊन असं होतं की रस्त्यावर आपलीच सावली पायाखाली सापडत नव्हती. तहान लागली म्हणून तो वस्तीकडे वळला.

वस्तीत चिटपाखरू नव्हतं. सगळे प्रार्थनेला बसले असतील, असं त्याला वाटलं. गाण्याचा आवाज कसा येत नाही, हे मनात आलं आणि गेलं. कारण त्याच वेळी त्याला वास आला. तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास... आयतवारी.

मायच्या दाराला कडी लावलेली नव्हती. शेळी दोर ताणून लांब टोकाला उभी होती, ओरडत नव्हती. आत चूल पेटली होती आणि माय भाकर थापत होती. तिने मान वर केली, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"ये कारभारी. बस बाळा."

पाच वर्षांत तिने पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. तो चुलीसमोर बसला.

"माय... आप्पासाहेब?"

"आता कुणाचं काय?" ती म्हणाली. "जेव."

तिने त्याच्या हातावर भाकर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. भाकर चटका बसावा इतकी गरम होती. तो खात राहिला आणि रडत राहिला. पोरगी शाळेत जाते का, तिच्या गळ्यावर खूण राहिली का, असं माय हळू आवाजात विचारत होती. मग दुसरा गोळा हातात घेऊन म्हणाली,

"दवाखान्यात नेलंस ते बरं केलंस. मला तवाच म्हणायचं व्हतं."

त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल. आणि मन असं निवल्यावर हळूहळू त्याला एकेक कळू लागलं. माय भाकर थापत होती, पण थापण्याचा आवाज होत नव्हता. जाळ गुडघ्याला लागून होता, पण धग येत नव्हती. भाकरीच्या वासाखाली आणखी एक वास होता, कोऱ्या मांजरपाटाचा आणि कपाळाला लावायच्या तेलाचा.

"मंजीला काही म्हणू नगंस," माय म्हणाली. "तिला अजून... बोलता येत नाय."

पाणी घेतो म्हणून तो उठला आणि मागे न बघता बाहेर आला.

तेव्हा त्याला गाणं ऐकू आलं. ते प्रार्थनेच्या घरातून येत नव्हतं, ओढ्यापलीकडून येत होतं. तिथे मंडळींची पुरायची जागा होती. तो धावत गेला. सगळे पांढऱ्या कपड्यांत गोल उभे होते, मंजुळा मातीच्या ढिगाशी होती. त्याला पाहून एकेक पाठ फिरली. कोण गेलं, हे त्याने विचारलं. दोनदा विचारलं. बाहेरच्याला सांगणार कोण?

बाभळीखाली मल्हारराव धनगर मेंढरं घेऊन बसला होता. तो मंडळीतला नव्हता. तोच उठून आला.

"कुठं व्हतास रं? तुझी माय गेली. काल दिवे लागायच्या टायमाला."

"मी आत्ता जेवून आलो... तिच्या हातचं."

मल्हाररावने त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांना ठेचा लागलेला होता.

"ओढ्यात हात धू," तो म्हणाला. "आन् कुणाला सांगू नगंस."

दोघं घराशी गेले. दाराला बाहेरून कडी होती. आत चुलीत गार राख होती, सारवलेली जमीन कोरडी होती. कारभारीच्या ओठांची आग मात्र दिवेलागणीपर्यंत गेली नाही.

घरी आल्यावर त्याने सखूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, माय नियमातून सुटली, म्हणून बोलली. त्यालाही तसंच वाटलं आणि त्यात त्याला सुख होतं. भीती पुढे तीन वर्षांनी आली.

भर बाजारात, सकाळच्या उन्हात, आप्पासाहेब दुकानासमोर उभे राहिले. "कारभारी, बरा हायेस ना?" म्हणाले. मायेने म्हणाले. कारभारीच्या हातातलं चाक सुटलं. तो उचलायला वाकला आणि उभा राहीपर्यंत समोर कुणी नव्हतं. हबीब गल्ल्यावर बसला होता. त्याने विचारलं, "किससे बातां कर रहा रे?" दुसऱ्या दिवशी मल्हाररावने येऊन सांगितलं. आप्पासाहेब पहाटेच गेले होते.

तेव्हा कारभारीला कळलं की वस्तीतल्या माणसाने आपल्याशी बोलणं म्हणजे काय.

मंजुळा दर शनिवारी अंडी विकायला औरंगपुऱ्यात येते. दुकानावरूनच तिची वाट आहे. कारभारी शनिवारी सकाळपासून कामात नसतो, हातात पाना धरून नुसता रस्त्याकडे बघत बसतो. ती येते, मान खाली घालून समोरून जाते. ती गेली की तो श्वास सोडतो आणि चहा मागवतो. एके काळी याच न बोलण्याने त्याचं काळीज तुटायचं.

आता दोघांचेही केस पिकलेत. हबीबचा मुलगा मजीद दुकान बघतो. कारभारी सवयीने येऊन बसतो.

गेल्या शनिवारी मंजुळा समोर आली आणि थांबली. तिने टोपली खाली ठेवली. मान वर केली. तिचे ओठ हलले.

"नको मंजे..." कारभारी पुटपुटला. "नको बोलूस."

मग त्याच्या लक्षात आलं, ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यामागे बघत होती, दुकानाच्या मागच्या बंद खोलीच्या दाराकडे. मोठ्या माणसापुढे घ्यावा तसा तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला. कुणीतरी सांगितलेलं ऐकावं तशी दोनदा मान हलवली. कारभारीला मानेमागून मायच्या चुलीपाशी आला होता तोच वास आला, कोऱ्या मांजरपाटाचा आणि तेलाचा. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मंजुळाने टोपली उचलली, डोक्यावर घेतली आणि काही न बोलता निघून गेली.