मोराच्या गळ्यातल्या दोन रेघा

"साखर घातलीय, का नुसती दाखवलीय?" ज्ञानबा कपात बघत पुटपुटला.

खासगी तपासनीस कुंडलिक ढेपे यांनी आपल्या मदतनिसाकडे दुर्लक्ष केलं. समोर पार्वतम्मा बसल्या होत्या.

चादरीच्या नक्षीसाठी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. एका कार्डाला नक्षीची एक आडवी ओळ. चौऱ्याहत्तर साली गल्लीत पहिला यंत्रमाग आला, नागप्पाचा. हातमागावरची जुनी मोराची नक्षी पार्वतम्मांनी एकेक कार्ड बघून यंत्रासाठी नव्याने पाडून दिली. नक्षी कुणा एकाची नव्हती. मागेल त्याने न्यावी, उतरवून घ्यावी.

"यंत्रावर मोराच्या गळ्यात दोन आडव्या रेघा आल्या," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम दोन खोटी कार्डं घुसडली, असं नागप्पा गल्लीसमोर बोलला. तेव्हापासून मला कुणी काम देईना."

पार्वतम्मांना घेऊन ढेपे नागप्पाच्या कारखान्यात गेले आणि जुनी-नवी कार्डं मांडून बसले. नवी कार्डं मापाने मोठी. त्यांनी जुन्यांशी ताडून भोकं मोजली. एकही चुकलं नव्हतं.

"जुन्या मागावर मोर सरळच येतो की," नागप्पा म्हणाला. "सिदू, इणून दाव."

सिदू त्याचा जुना विणकर. यंत्र आल्यापासून गवंड्याच्या हाताखाली विटा उचलत होता; आज त्याला बोलावून घेतलं होतं. तो खाली मान घालून कोपऱ्यातल्या जुन्या हातमागावर बसला.

खट. पायाखालची पावडी दाबली, कार्ड फिरलं. सट. आडव्या दोऱ्याचा धोटा गेला. खट, सट, खट, सट. विणकाम मोराच्या गळ्यापाशी आलं, आणि नागप्पाला जोराचा खोकला आला. मोर स्वच्छ उतरला.

"अजून एक," ढेपे म्हणाले.

गळ्यापाशी पुन्हा खोकला.

"धोट्यालाही मधेच दम लागला," ज्ञानबा म्हणाला.

ढेपे वळले. "सिदू, पार्वतम्मांनी काही बदललं?"

"मला काय इचारता? तवा कुणी इचारलं हुतं?"

"मग मीच सांगतो. दोन खोटी कार्डं जुन्या संचातच आहेत. गळ्यापाशी सिदूने दोनदा पावडी दाबली, पण धोटा फेकला नाही. कार्डं रिकामी निघून गेली. ज्याने त्याने ही लकब शिकवणाऱ्याचा पाय बघून उचलली, बोलायची वेळच आली नाही. पार्वतम्मा मागावर कधी बसल्या नाहीत. त्यांनी कार्डं उतरवली. पाय कसा उतरवणार? आणि यंत्र तर प्रत्येक कार्डाला धोटा फेकतं."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही," ज्ञानबाला हायसं वाटलं.

"मग चुकलेली 'सट' झाकणारा खोकला दोन्ही वेळा तिथंच का आला?"

पार्वतम्मांनी हळूच विचारलं, "सिदू, तुला ठावं होतं?"

"हितं इणणाऱ्या समद्यांना ठावं हाय, अक्का." सिदूने नजर वर केली नाही. "माझं काम गेलं हुतं. म्हटलं, भोगू दे मालकाला. भोगलं तुमी."

नागप्पाने धोतराचा सोगा चिमटीत धरला.

"मी बी ईस वर्सं ह्याच मागावर बसलोय," तो म्हणाला. "तुमच्यावर आळ घिऊन घरी आलो, अन् जेवताना पाय आठवला. उठून सांगायचं हुतं. लाज वाटली. खोटं मी बोललो, अक्का. तुमची कार्डं बराबर हुती."