सहाही ग्लासांत एकच वास

टेबलावरचं कापड पांढरंच लागतं. रंगीत कापडावर जुन्या वाइनचा रंग कळत नाही, आणि हे माहीत असूनही माझा मेहुणा दर वेळी फिकट पिवळं अंथरतो. त्या दुपारीही तेच. मी कापड बदलायला लावलं.

"भाऊजी, तुमच्यापेक्षा खडूस सासू परवडली," तो म्हणाला आणि पिवळ्या कापडाची घडी काखेत मारून खाली गेला.

त्याचं हॉटेल आहे. दुपारची जेवणं आटोपली की वरच्या मजल्यावरचा हॉल रिकामा असतो. उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, त्यामुळे उजेड सारखा. खालच्या स्वयंपाकघरातला वास वर येऊ नये म्हणून जिन्याचं दार लावून घेतलं होतं.

काम साधं होतं. आसपासच्या सहा वायनऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वीच्या एका नावाजलेल्या हंगामाची लाल वाइन थोडी थोडी जपून ठेवली होती. आता सगळ्यांनी मिळून सहा बाटल्यांचा एक संच काढायचं ठरवलं होतं. प्रत्येक बाटलीसोबत चार ओळी लिहायच्या, त्या मी. बाटल्या झाकून चव घ्यायची ही माझी अट. मेहुण्याने त्या गळ्यापर्यंत कापडी पिशव्यांत घातल्या होत्या आणि पिशव्यांवर नुसते आकडे.

माझ्यासोबत बाई होत्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, निवृत्त झाल्या, तरी सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांचं नाक माझ्याइतकं तयार नाही, पण त्या कोणाला खूष करायला बोलत नाहीत. अशा कामाला असा एक माणूस लागतो.

खरं सांगायचं तर मला या दुपारची थोडी घमेंडच होती. या सहाही वायनऱ्यांची, आमच्या भाषेत घरांची, वाइन मी नुसत्या वासावर ओळखतो. एकाच्या मातीत चुना आहे, एकाची पिपं जुनी आहेत, एकजण द्राक्षं नेहमी जरा उशिरा तोडतो. हे सगळं वाइनमध्ये उतरतं. वीस वर्षांत ते मऊ होतं, पुसलं जात नाही.

पहिला ग्लास उचलला. कडेला विटकरी झाक, मध्ये गडद. सुकं अंजीर, जुनं चामडं, ओला पालापाचोळा. छान. आणि त्याच्या तळाशी अजून काहीतरी.

ओळखीचं. पण कसलं, ते सांगता येईना. धुवायला टाकलेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा वास. वाईट नव्हे. उबदार. फक्त ती उशी कोणाची ते आठवत नव्हतं.

मी घोट तोंडात फिरवला, भांड्यात थुंकलो, कागदावर काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या ग्लासात चुन्याची ती कोरडी धार होती, म्हणजे घर ओळखलं. पण तळाशी तोच वास. तिसऱ्यातही तोच. चौथ्याला मी मुद्दाम खिडकी उघडून बाहेरची हवा घेतली, दहा वेळा श्वास सोडला आणि मग नाक खाली नेलं. होताच.

"बाई, ग्लास कोणी धुतले?"

"मीच पुसले आत्ता. का?"

"परत धुऊ या."

गरम पाण्याने धुतले, साबण न लावता, आणि हवेवर सुकवले. बाटल्यांची बुचं हुंगली, ती ठीक होती. मेहुण्याला सांगून त्याच सहा घरांच्या, पण अलीकडच्या एका हंगामाच्या बाटल्या आणवल्या. त्यांत तो वास नव्हता. मग पुन्हा जुन्यांकडे आलो. सहाही ग्लासांत होता, आणि आता तर आधी तोच यायचा, अंजीर नंतर.

माझे वडील माझ्याच वयात नावं विसरायला लागले होते. आधी शेजाऱ्यांची, मग आमची. त्यांनाही सुरुवातीला सगळे चेहरे सारखेच वाटायचे. मला ते त्या पांढऱ्या कापडापुढे बसल्या बसल्या आठवलं. नाक गेलं तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

"बाई, तुम्हाला सहाही सारख्या वाटतात का?"

"छे. सहा वाइन, सहा तऱ्हा." त्या थांबल्या. "एक वास मात्र सगळ्यांत आहे. मी मघापासून बोलले नाही, कारण मला वाटलं तो तुमचा आहे."

"माझा?"

"तुम्ही शेजारी बसलाय ना. अत्तरबित्तर लावलंय की काय?"

अशा कामाच्या दिवशी मी साधा साबणही वापरत नाही. हे त्यांना माहीत आहे. त्या उठल्या, माझ्या बाहीपाशी वाकल्या आणि एखादी रसायनाची बाटली हुंगावी तशा शांतपणे हुंगल्या. मग चौथा ग्लास घेऊन हॉलच्या पार टोकाच्या खिडकीपाशी गेल्या. माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ.

परत येऊन त्यांनी ग्लास जपून खाली ठेवला.

"तुमचा वास वाइनला येत नाहीये," त्या म्हणाल्या. "वाइनमध्येच आहे. तुमचाच."

आणि मग मला तो लागला. म्हणजे लागत होताच, पण आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का? महिनाभर बाहेर राहून दार उघडलं तर क्षणभर येतो. तसा आला.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

चुन्याच्या जमिनीचा मालक माझ्या चांगल्या ओळखीचा. गडगडाटी बोलणारा, मनाने मोकळा. मी त्याला तिथूनच फोन लावला. म्हटलं, तुमची ती जुनी वाइन पुढ्यात आहे, अफलातून आहे, त्या वर्षी रसात कोणाचा हात होता?

"चेष्टा करताय काय साहेब?" तो म्हणाला. "तुमचाच की."

"माझा?"

"मग! तोडणीपासून पिपं भरेपर्यंत होतात. आमच्याच घरी राहिलात, आमच्याच ताटात जेवलात. माझा बाप म्हणायचा, हा माणूस टाकीत कोपरापर्यंत हात घालून सांगतो अजून किती वेळ लागेल ते."

"आपण इतक्या वेळा भेटलो. तुम्ही कधी बोलला नाहीत."

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "निघताना तुम्हीच सांगितलं होतं ना. याचा विषय माझ्यापाशी काढू नका म्हणून. नाही काढला. आज तुम्हीच काढलात म्हणून बोललो."

मी दुसऱ्याला फोन केला. मग तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला. प्रत्येकजण आधी हसला, मग गंभीर झाला. प्रत्येकाकडे मी पूर्ण हंगामभर होतो, एक दिवसही कुठे गेलो नव्हतो. सगळ्यांकडे निघताना तेच सांगून गेलो होतो, त्याच शब्दांत. ही माणसं इतकी वर्षं माझ्याशी इतक्या मायेने का वागतात याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. मी चांगलं लिहितो म्हणून, असंच धरून चाललो होतो.

आता माझी बाजू. त्या वर्षी माझा वाइनशी काडीचाही संबंध नव्हता. मी एका औषध कंपनीत हिशेब बघत होतो, इथून रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर. आणि द्राक्षांच्या तोडणीच्या त्या दिवसांत तर मी तापाने इस्पितळात पडून होतो. शुद्ध नव्हती. बायको पलंगाशेजारी बसून होती. बरा होऊन घरी आलो तेव्हा नाक इतकं तीक्ष्ण झालं होतं की जिन्यात कोण येऊन गेलं ते सांगायचो. तिथूनच पुढे हे काम लागलं.

मेहुणा जिन्याच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता.

"भाऊजी, मी स्वतः तुम्हाला तिथे बघितलंय," तो म्हणाला. "पलंगावर. ताईला डबा घेऊन जायचो मी. तुम्ही हललासुद्धा नव्हतात."

दुसऱ्या दिवशी तो मला सहाव्या वायनरीत घेऊन गेला. तिथल्या आजींना फोनवर ऐकू येत नाही. जाताना गाडीत नेहमी त्याची बडबड चालू असते, त्या दिवशी तो नुसता रस्त्याकडे पाहून गाडी चालवत होता.

आजी अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी काही विचारण्याआधीच त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला, अंगठ्याने पुसला.

"निघाला एकदाचा," त्या म्हणाल्या.

"काय निघालं, आजी?"

"रंग रे. किती घासायचास तू."

त्यांनी काठी घेतली आणि आम्हाला टाक्यांच्या खोलीत नेलं. जुनी सिमेंटची टाकी, कडेला दगडाची पायरी. मी या खोलीत कितीदा तरी आलो असेन, पण नेहमी दारापाशी, पाहुण्यासारखा. आजी म्हणाल्या, चढ.

मी चढलो.

पायरी मध्ये झिजली होती. माझा पाय त्या खळग्यात बसला. दुसरा पाय आपोआप भिंतीला टेकला. उजवा हात टाकीच्या काठावरून आत गेला, आणि काठ नेमका माझ्या काखेत आला. टाकी कोरडी होती. तरी हात आत घातल्यावर मी बोटं पसरली आणि थोडा थांबलो, जणू कशाची तरी ऊब पाहायची होती.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, खाली या."

त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो. बायको ओट्याशी भाजी चिरत होती. मी सगळं गमतीत सांगायचं ठरवलं होतं. सहा घरं, सहा ठिकाणी मी, एकाच वेळी. म्हटलं, इतका कामसू नवरा तुला कळलाच नाही कधी.

सुरी थांबली.

"हातांचंही सांगितलं का त्यांनी तुम्हाला?" तिने विचारलं.

"हातांचं काय?"

ती वळली नाही. नळ सोडला, हात धुतले, पदराला पुसले. मग नळ बंद करायचा राहिला म्हणून परत गेली.

"तुला काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत असणार. मी रात्रंदिवस तिथेच होते. तुम्ही पलंगावर होतात." ती समोरच्या खुर्चीवर बसली. "रात्री माझा डोळा लागायचा तेव्हाही तुमचं मनगट माझ्या हातात असायचं."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, औषधाने होतं असं कधी कधी. हातांच्या कातडीचा रंग बदलतो. मी म्हटलं, असेल."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही परत आलात ना," ती म्हणाली. "मग कशाला विचारायचं?"

तिने टेबलावरचा माझा हात जवळ ओढला आणि नखांवरून बोट फिरवलं, एकेका नखावरून, सवयीने फिरवावं तसं.

"नर्स यायच्या आत काढायचे मी," ती म्हणाली. "रोज सकाळी. द्राक्षांची सालं असायची नखांत. ओली."