तन्वीचं ठिकाण

मिरजेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आता मेंदूत नसतात. कानामागं बसवलेल्या सुपारीएवढ्या कोठारात असतात. स्वप्नीलराव चौगुल्यांच्याही होत्या. वय त्र्याऐंशी, गुडघे संपलेले, कोठार मात्र ठणठणीत. त्यातून दिवसाला चाळीसेक वेळा एकच प्रश्न बाहेर यायचा. "ईशू आली का?"

ईशू म्हणजे थोरली ईश्वरी. ती ऑकलंडला, अकरा वर्षांत फिरकली नव्हती. म्हाताऱ्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं ही सगळी कामं करायची ती धाकटी तन्वी. शेजारी तिला गुणाची पोर म्हणत. तेवढं म्हटलं की मदतीला यावं लागत नसे.

"ईश्वरीला पुसून टाका," तन्वी कोठारांच्या डॉक्टर नबीला मुजावर यांना म्हणाली.

"पुसायला कशाला हवं, ताई? आठवणी कोठारात जागा मिळेल तिथं पडलेल्या असतात. मेंदूला ती जागा माहीत नसते, त्याला फक्त नाव माहीत. मधे एक यादी असते, तिला आम्ही नामावळ म्हणतो. डावीकडं नाव, उजवीकडं ठिकाण. तुम्ही समोर आलात की मेंदू 'तन्वी' पुकारतो आणि नामावळ त्याला तुमच्या ठिकाणी धाडते. मी एक ओळ बदलली, की तो जाईल ईश्वरीच्या ठिकाणी. आठवणीला धक्का नाही. त्यांना पत्ताही लागायचा नाही."

"मग माझं ठिकाण?"

"राहील तिथंच. पण ज्याला नाव नाही ते ठिकाण कोठार महिन्याभरात झाडून काढतं. राखायचं असेल तर दुसरं कुठलं तरी नाव लावू."

"लावा कुठलंही. त्यात आहे काय, अकरा वर्षांची पेज."

सही मुलीची चालते. बापाची लागत नाही, एवढा कायदा समजूतदार आहे.

घरी येताच स्वप्नीलरावांनी तिचा हात धरला. "ईशू, किती वाळलीस गं." तीन दिवस तन्वीनं हे लाड मनसोक्त चापले. चौथ्या दिवशी ती बेडपॅन घेऊन आली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

"हे तू नाही करायचं. त्याला माणसं आहेत घरात."

लाडक्या लेकीकडून कोण असली कामं करून घेतो? शेवटी वंदना नावाची बाई ठेवली. परकी बाई अंगाला हात लावते म्हणून ते ओरडायला लागले. मग डॉक्टरांनी तन्वीचं मोकळं पडलेलं ठिकाण वंदनाच्या नावाला जोडलं. तन्वीनंच होकार दिला होता. म्हातारा गप्प झाला, निमूट न्हाऊ लागला.

आठवड्याभरानं वंदना त्यांची नखं काढत होती. तन्वी मोसंबी सोलत शेजारी बसली होती.

"ईशू, जरा बाहेर थांब," ते म्हणाले. "मला तनूशी बोलायचंय."

तन्वी उठली आणि दाराआड उभी राहिली.

"तने, ईशू आली, माझा घोर मिटला. आता तुझं राहिलं." त्यांनी वंदनाचं मनगट धरलं. "तो केदार तुला मागणी घालायला दोनदा आला होता. तन्वीला लग्नच करायचं नाही, असं मीच सांगितलं त्याला. तू गेली असतीस तर माझं कोण करणार होतं? पाप केलं मी. माफ कर पोरी."

"असू द्या बाबा," वंदना म्हणाली. "बोट हलवू नका, लागंल."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि पाच मिनिटांत तो शांत झोपला.

तन्वी पायातल्या सपातांवरच डॉक्टरांकडं गेली. "ओळ पहिल्यासारखी करा. मला बापाला विचारायचंय."

"करते की, दहा मिनिटांचं काम." मुजावर यांनी कोठारातल्या ताज्या नोंदी वाचल्या. "पण ताई, हा विषय ते पुन्हा काढायचे नाहीत. बोलणं झालं ते तुमच्या ठिकाणी जमा झालंय. त्यांच्या लेखी तुम्ही 'असू द्या' म्हणालात."