नावाला ओ

मंगळवारच्या बोटीनं मुळे, रॉकेल आणि नकाशा कचेरीचा एक छापील अर्ज बेटावर आला. अर्जात दोनच रकाने होते: ज्वालामुखीचं नाव, आणि ते कशावरून पडलं. गावकचेरीत लिहिण्याचं काम शिगेनोकडं, म्हणून तो तिच्या मेजावर आला.

तिनं कपाटातले जुने नकाशे काढले. डोंगर एकच, नकाशे तीन, आणि नावंही तीन. तोराझो. हानजी. ओकिनु. डोंगरांची नावं अशी नसतात, ही तर माणसांची. नकलनविसांच्या चुका, म्हणत तिनं चष्मा पुसला. नवरा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ती लेकीला घेऊन कागोशिमा शहरातून माहेरी परतली होती, आणि बेटावरच्या पुष्कळ गोष्टी तिला आता चुकाच वाटत. इथं घराबाहेर कुणी कुणाचं नाव घेत नसे. हाक मारायची ती घराच्या नावानं: मीठभट्टी, वरचा गोठा. शिगेनोचं माहेर म्हणजे दोन विहिरी. सात वर्षांच्या सायोला काही हे पटेना. मी काय विहीर आहे, म्हणायची, आणि त्या हाकेला मान म्हणून वळवायची नाही.

मीठभट्टीचे कामेमात्सु आजोबा गावात सर्वांत म्हातारे. धक्क्यावर जाळं विणत बसले होते. शिगेनोनं नकाशे पुढं धरले तशी त्यांची सुई थांबली.

"नुसतं डोंगर लिही," ते म्हणाले.

"तेवढ्यानं कचेरी ऐकायची नाही, आजोबा. नाव कशावरून पडलं तेही विचारलंय."

"पडत नाही गं ते. तो घेतो."

म्हाताऱ्यानं आधी डोंगराकडं पाठ केली, मगच पुढचं सांगितलं. त्याच्याकडं तोंड करून कुणाला नावानं हाक मारली, आणि माणसाच्या आधी त्यानं ओ दिली, की नाव त्याचं झालं. मग ते माणूस जगेल तोवर तो गप्प राहतो.

"आणि माणूस?"

"असतं की. जेवतं, निजतं." त्यांनी शेवटच्या नकाशातल्या ओकिनु या नावावर बोट टेकवलं. "ही माझी थोरली बहीण. त्र्याऐंशी वर्षं जगली. कधी हसताना दिसली नाही. रडतानाही नाही. गेल्या वसंतात गेली."

डोंगर धुमसायला लागला तोही वसंतातच. योगायोग, शिगेनो मनाशी म्हणाली. अर्ज मात्र तिनं कोराच ठेवला.

शुक्रवारी शाळेची मुलं तेलासाठी कॅमेलियाच्या बिया वेचायला उतारावर गेली होती, आणि डोंगर फुटला. भर दुपारी दिवस मावळला. चाळणीतून पीठ गळावं तशी राख गळू लागली, कोमट, बिनआवाजाची. आया उतारावर धावल्या. मीठभट्टीऽऽ, वरचा गोठाऽऽ. नुसती घरांची नावं राखेतून फिरत होती, आणि एकेक पोर त्या नावामागं येऊन आईला बिलगत होतं.

शिगेनो दोन विहिरी, दोन विहिरी म्हणून ओरडली. कुणी आलं नाही. पुन्हा ओरडली. वर कुठंतरी धोंडे गडगडले. आया लेकरं घेऊन परतू लागल्या. त्यातली एक थबकली. ही आता काय करणार ते तिनं ओळखलं होतं. तिनं शिगेनोचं तोंड दाबायला हात पुढं केला.

"सायोऽऽ!"

"ओऽऽ."

लगेच. स्पष्ट. सायोचाच आवाज.

शिगेनो हसतच आवाजाच्या दिशेनं दोन पावलं धावली. मग तिच्या ध्यानात आलं, आवाज वरून आला होता. फार वरून, जिथं झाडंसुद्धा उगवत नाहीत.

राख थांबली. गडगड थांबली.

दहा पावलांवर सायो उभी होती. बियांची पिशवी छातीशी धरून.

"सायो."

पोरीनं मागं वळून पाहिलं. हाक दुसऱ्या कुणाला असावी, तसं.

"घरी चल," शिगेनो कशीबशी म्हणाली.

पोरीनं निमूट हात दिला. हात ऊबदार होता. अंगठ्यावरचा विळीचा व्रणही जागेवर होता. आयांनी वाट मोकळी केली. एकेक जण कमरेत वाकून नमस्कार करत होती, आभार मानावेत तशी, पण कुणी डोळ्याला डोळा दिला नाही.

अर्धा उतार उतरल्यावर वरून, उघड्या खडकांतून, रडवेली हाक आली.

"आई, थांब ना. मी मागं राहिले."

शिगेनोचे पाय रुतले.

हातातला तो ऊबदार हात मात्र तिला शांतपणे खाली ओढत राहिला.