मंगळावरचं वांगं आणि खोटं बोलणारं कासव

मंगळावर वांग्याचं एकच झाड होतं आणि ते मरत होतं. काचेच्या बंद घुमटात, पाण्याच्या नळापासून हातभर अंतरावर.

धुळीच्या वादळात वस्तीतल्या संगणकांचे सगळे नवे पडदे जळाले होते. उरला स्वयंपाकघरातला एक जुनाट पडदा. वादळात बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, घुमट नुसता खिडकीतून दिसायचा आणि त्यातला नळ उघडायचा तो वेबपानावरच्या बटणानं. ते पान बारा वर्षांच्या जुईलीनं बनवलं होतं. झाडही तिनंच लावलं होतं.

तिनं जुन्या पडद्यावर बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"अहो बंडोपंत, नव्या पडद्यांवर चालायचं हो!"

बंडोपंत हा वस्तीचा यंत्रमानव. पृथ्वीवर असताना तो मंगल कार्यालयात वाढपी होता.

"चालायचं. आता नवे पडदे नाहीत," तो म्हणाला. "चौथं पान गळलं."

"मोजू नका!"

"बरं. गळलं."

मग त्यानं तिची स्क्रिप्ट (पानानं काय करायचं त्या सूचना) वाचली. पहिलीच ओळ: ब्राउझरला (वेबपान उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) नाव विचार. 'गरुड' असेल, तर नव्या आज्ञेनं नळ उघड.

"या पडद्यावर 'कासव' ब्राउझर आहे. त्यानं नाव गरुड सांगितलं."

"खोटारडं!"

"बिचारं. खरं नाव सांगितलं की वेबपानं त्याला दारातूनच हाकलतात. तू त्याला गरुड समजून नवी आज्ञा दिलीस. ती त्याला ठाऊकच नाही. तिथंच अडलं."

जुईली रडकुंडीला आली. "मग आणखी कुठलं नाव विचारू?"

"नाव विचारूच नकोस. पंगतीत वाढायला माणूस कमी पडला की तुम्ही लोक पोराला आधी आडनाव विचारता. मग गाव. मग मामा कोण. एका लग्नात मामा ओळखीचा निघाला, सगळे खूश. भाताची बादली मात्र पोराला उचलवेना. विचारायचं एवढंच, बादली उचलता येते का? येत असेल तर भात वाढ. नसेल तर मीठ वाढ. पंगत थांबता कामा नये."

जुईलीनं नावाची ओळ पुसली. लिहिलं: नवी आज्ञा येते का? येत असेल तर ती वापर. नसेल तर 'नळ उघड' एवढंच लिहिलेला साधा फॉर्म पाठव. तो सगळ्यात जुन्या ब्राउझरलाही येतो.

बटण दाबलं. कासवानं बराच वेळ विचार केला. मग घुमटात नळ खोकला आणि पाणी आलं.

झाडावर तोवर एकच पान उरलं होतं, तेही लोंबकळलेलं.

"वाचेल?"

"ठाऊक नाही. पण उद्या पृथ्वीवरून कुठलाही पडदा आला, अजून जन्मालाही न आलेल्या ब्राउझरचा, तरी पाणी सुटेल."

मग बंडोपंत खिडकीच्या काचेला टेकला. झाडाला त्यानं आडनाव विचारलं नाही.

"उभं राहता येतं का?" एवढंच विचारलं.

सकाळी पान बोटभर वर आलं होतं.